अष्टमीची ओटी

आमच्या तरसालीच्या घरात चार भिंतींवर चार घड्याळं होती आणि चारही आपापली वेळ दाखवायची. एकावर अंबामाता, एकावर कालिका, एकावर नुसतंच सोनेरी कमळ, आणि चौथ्यात दर तासाला एक चिमणी बाहेर येऊन किरकिरायची. ही सगळी आईला स्टेजवर मिळालेली. आई नवरात्रात गरबा गायची. बडोद्यात मराठी बाई गुजराती गरबा गाते याचं पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना मोठं नवल वाटे, आम्हाला त्या नवलाचंच नवल वाटायचं. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आजोबा गिरणीत, बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात रंगकाम खात्यात. चार पिढ्या याच गावचं पाणी पिऊन गुजराती आमच्या जिभेवर घरच्यासारखी बसली होती. आई मात्र लग्न होऊन खानदेशातून आलेली. ती गुजराती शिकली ते गरब्यांतून, आधी चाली आणि मग शब्द. त्यामुळे भाजीवालीशी घासाघीस करतानाही तिच्या बोलण्यात मध्येच एखादा गरब्यातला हेल यायचा आणि भाजीवाली हसून दोन मिरच्या जास्त घालायची.

लोकांना गाणाऱ्याला काहीतरी द्यावंसं वाटतं. का वाटतं हे मला साठी उलटली तरी नीट कळलेलं नाही. गाणं ऐकून झालं, टाळ्या वाजवून झाल्या, तरी त्यांचं समाधान होत नाही, हातातलं काहीतरी त्या माणसाच्या हातात गेलं पाहिजे असं होतं. आईला घड्याळं मिळायची, स्टीलचे डबे मिळायचे, घसा चांगला राहावा म्हणून मध, ज्येष्ठमध आणि सुंठ-गुळाच्या गोळ्या मिळायच्या. एका भांडीवाल्यानं भर स्टेजवर कुकर दिला होता आणि माइकवरून आपल्या दुकानाचा पत्ताही सांगितला होता. एकदा कुणीतरी पिंजऱ्यासकट पोपट आणला, तो आठवडाभर आमच्याकडे राहून उडून गेला. आई कशालाही नाही म्हणायची नाही. "देवीच्या मांडवात आलेलं आहे. पदरी पडलं पवित्र झालं," असं म्हणून ती सगळं घरी आणायची आणि आधी घटापुढं ठेवायची. हल्ली मी लेकाकडे वासण्याला राहते. आई गायची ते जुनं मैदान इथून चालत जाण्याइतकं जवळ होतं, आता तिथं दुकानांची इमारत आहे. दुसऱ्या एका मैदानावरचा गरबा गच्चीतून दिसतो. पोरी गाणाऱ्याला केसाळ अस्वलं देतात, त्याचंच पेन्सिलीनं काढलेलं चित्र चौकटीत घालून देतात, आणि काळ्या कपड्यांतला रखवालदार ते मधल्यामध्ये घेऊन मागं फेकतो. आमच्या वेळी मधला माणूस नव्हता. होते ते बाबा.

बाबा उंच, सडपातळ आणि गाण्याच्या बाबतीत पूर्ण औरंगजेब. त्यांना सूर कळत नसे, पण आई थकली आहे का हे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळे. कारखान्यातून आले की आंघोळ करून, रंगाचा वास जाईना म्हणून मानेला पावडर फासून, आईला स्कूटरवर मागं बसवून ते तरसालीहून वासण्याला निघत. मी पुढं उभी. नवरात्रभर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमची वरात. मंच मैदानाच्या मधोमध असे आणि भोवती खेळणाऱ्यांची कडी, एकात एक. बाबा आवाजाच्या यंत्रांच्या मचाणापाशी उभे राहत. स्कूटरची सीट पुसायचा पांढरा रुमाल त्यांच्या खिशात असायचा. आईला वरून काही दिसेनासं झालं की ते रुमाल हातात धरून हात वर करायचे, की ती निश्चिंत. परतताना स्कूटरच्या पुढच्या जाळीत नारळ, माझ्या मांडीवर डबे, आईच्या पदरात तांदूळ. खड्डा आला की नारळ एकमेकांवर आपटायचे आणि बाबा म्हणायचे, "चला, यांचाही गरबा सुरू झाला."

ओटीची गोष्ट त्या मानानं साधेपणानं सुरू झाली. आमच्या गल्लीतल्या दोन मराठी बायका एका अष्टमीला मैदानावर आल्या आणि मध्यंतरात आरती झाल्यावर त्यांनी मंचावर चढून आईची खणानारळानं ओटी भरली. देवीपुढं गाणारी सवाष्ण, म्हणजे देवीचंच रूप, असा त्यांचा सरळ हिशोब. बाकीचं मैदान गुजराती. त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. एका बाईनं दुसरीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिच्या पसरलेल्या पदरात खण, नारळ, तांदूळ घातले, आणि भरल्या पदरानं ती वाकली, हे त्यांना फार आवडलं. पुढच्या वर्षी पाच-सात गुजराती बायका नारळ घेऊन आल्या. त्यातली एक कोकिलाबेन. कोयलीच्या रिफायनरीत तिचा नवरा कामाला. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिनं ओटीत घालायला खण विकत आणला नव्हता, हिरव्या कापडावर आरसे लावून स्वतः भरला होता. आईच्या पदरात तो घालताना ती रडली. त्याच्या पुढच्या अष्टमीला ती आली तेव्हा तिच्या हातांत तान्हा पोरगा होता.

झालं. त्यानंतर अष्टमीला मंचाच्या पायऱ्यांपासून रांग लागायला लागली. आई म्हणे, "अगं, मी काय केलं त्यात? डॉक्टरनं केलं." पण म्हणताना तिचा चेहरा खुललेला असायचा. कोकिलाबेन दर वर्षी नवा खण भरून आणायची. आमच्या घरच्या बायका ओटीचे खण एकमेकींना देऊन टाकतात, तसे हे आईनं कधी दिले नाहीत. तिनं त्यांची पोलकी शिवली आणि नवरात्रात तीच घातली. पोराला कोकिलाबेन आईच्या पायावर घालायची आणि आई आपल्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन त्याला लावायची. पोराचं नाव मितेश. तो कायम काहीतरी चघळत असायचा.

ओटी भरली की नाव घ्यायचं, हीही आपलीच रीत. पहिल्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी आग्रह केला म्हणून आईनं माइकवरच नाव घेतलं होतं, "गरब्याच्या घटात तेवतो दिवा तुपाचा, दिनकररावांचं नाव घेते, मान राखते तुमचा." मैदानाला अर्थ निम्माच कळला असेल, पण नवऱ्याचं नाव असं चार हजार माणसांत गात घ्यायचं याची त्यांना भारी मजा वाटली. दुसऱ्या वर्षापासून ते ओरडूनच मागायला लागले, "नाम लो, बेन! नाम लो!" आई दर वर्षी नवं रचायची. श्रावणापासून पोळ्या लाटता लाटता तिचं ते चाले. सगळ्यांत गाजलं ते स्कूटरवालं. "तरसालीहून वासण्याला स्कूटर धावते फटफट, दिनकररावांचं नाव घेते, आता गरबा घ्या झटपट." त्यावर मैदान हसून लोळलं होतं. आणि नाव झालं की सगळ्यांच्या माना मचाणाकडे वळायच्या. गर्दीतून पांढरा रुमाल धरलेला एक हात वर यायचा. त्या हाताचा मालक कोण, कसा दिसतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. हात दिसला की शिट्ट्या व्हायच्या आणि ढोल सुरू. घरी आल्यावर बाबा म्हणायचे, "वर्षभर राबतो त्याला कोण विचारत नाही, एकदा हात वर केला की टाळ्या."

दसऱ्यानंतर आमच्या घरात महिनाभर नारळ चालायचा. ओटीचे तांदूळ आणि नारळ घरातच संपवायचे असतात. नारळीभात, करंज्या, कढीत नारळ, उसळीत नारळ. फाफडा-जिलेबीचा दसरा उरकला की आई विळी घेऊन बसायची. खवण्याचा तो खरखर आवाज, साखरेच्या पाकाचा वास, ताटात थापलेल्या वड्या, आणि त्या निवायच्या आत कोपरा मोडून खाणारे बाबा. आई हातावर उलथनं मारायची. माझ्या लहानपणाचा वास कुणी विचारला तर मी हाच सांगेन, ओल्या नारळाचा आणि त्यात थोडासा रंगाचा.

बाबांची मूत्रपिंडं कधीपासून बिघडली होती कोण जाणे. कळलं तेव्हा उन्हाळा होता. पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग आठवड्याला दोनदा सयाजीबागेच्या बाजूच्या इस्पितळात नळ्या लावून झोपणं सुरू झालं. स्कूटर जिन्याखाली उभी राहिली. कोकिळा ओरडत होत्या, आंबे आले, गेले, आणि बाबांना एक फोडही खायची बंदी. श्रावणातल्या एका दुपारी ते गेले. आई तेव्हा इस्पितळाच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसली होती, ती घास हातात तसाच धरून वर आली. तिच्या बांगड्या मालूआत्यानं उतरवल्या. मालूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, स्वतः तरुणपणी विधवा झालेली, सोवळ्या-ओवळ्याची पक्की. हिरव्या बांगड्या काचेच्या होत्या, आत्यानं त्या फोडल्या नाहीत. साबण लावून एकेक काढल्या आणि कुठंतरी ठेवून दिल्या. मी तेव्हा चौदा वर्षांची. आईचं कपाळ इतकं रुंद आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

तेरावं झालं. महिनाभरानं गरब्याच्या मंडळाचे रमणभाई आले. जाड, गोरे, बोलताना सतत हात जोडणारे. त्यांनी बाबांसाठी डोळे पुसले, खरेच पुसले, चहा घेतला आणि म्हणाले, "बेन, नवरात्र तमारा विना केवी रीते थाय? लोक तुमच्या आवाजावर येतात."

आई म्हणाली, "रमणभाई, आता मला कसं जमणार? देवीपुढं..."

"देवीला काय? माताजी तो मा छे." मग ते जरा पुढं सरकले. "वात फक्त एवढीच, की कमिटीत दोन-तीन लोक जुन्या विचारांचे आहेत. आणि पब्लिकने क्यां खबर छे? तुम्ही इकडे तरसालीला, आपलं मैदान वासण्याला. तुम्ही दर वर्षीसारखं तयार होऊन या. कपाळाला चांदलो, हातात बांगडी, बस. कोण विचारायला येतंय?"

त्यांनी जाताना एक पिशवी ठेवली. मंडळातर्फे भेट. आत हिरवी साडी, हिरव्या बांगड्यांचा डबा आणि टिकल्यांचं पाकीट होतं.

मालूआत्या आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. ती येऊन आईसमोर बसली आणि म्हणाली, "गा. मी तुला गाऊ नको म्हणणार नाही. दिनूनं एवढी वर्षं स्कूटर हाणली ती तू घरात बसावीस म्हणून नाही. पण उघड्या कपाळानं गा. लपवून गाऊ नको."

"तसं ते गाऊ देणार नाहीत, वन्सं."

"मग नको गाऊस. देवीपुढं सोंग नको."

रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा आई कपाटातलं कोकिलाबेनच्या खणाचं एक पोलकं मांडीवर घेऊन बसली होती. घरात अडचण होती, दवाखान्यानं सगळं खाल्लं होतं, हे खरंच. लोकांना पुढं ती तेवढंच सांगायची. पण मी तिची मुलगी आहे आणि मला दुसरंही माहीत आहे. तिला ती अष्टमी हवी होती. बायकांची रांग, पसरलेला पदर, कुणीतरी आपल्या कपाळाला हात लावणं. बाबा गेल्यापासून तिला कुणी शिवलंच नव्हतं, जो तो लांबून बोलायचा. अजून एकदा, एकदाच आपली ओटी भरली जावी, एवढंच तिला हवं होतं. याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

घटस्थापनेच्या संध्याकाळी तिनं बांगड्या भरल्या. आत्या उठून शेजारी गेली. आम्ही रिक्षानं मैदानावर गेलो. पहिल्या दिवशी तिचा आवाज जरा दबलेला होता, लोकांना वाटलं सर्दी आहे, आणि दुसऱ्याच दिवशी मधाच्या तीन बाटल्या आल्या. मग मात्र तो मोकळा झाला. मी कड्यात खेळत होते, पायाखाली माती, नाकात धूळ, आणि वरून आईचा आवाज, आधी कधी नव्हता इतका भरून येणारा. बायका खेळता खेळता डोळे पुसत होत्या. रमणभाई खूश. परतताना रिक्षात आई बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकायची आणि रुमाल ओला करून कपाळ पुसायची, गल्लीत शिरायच्या आत.

अष्टमीला गर्दी नेहमीच्या दुप्पट. मध्यंतर झालं, आरती झाली, आणि पायऱ्यांपासून रांग लागली. आईनं पदर पसरला. एकेक बाई येत होती, हळद लावत होती, कुंकू लावत होती, ओंजळीनं तांदूळ घालत होती. आईची मान वर होईना. मी पहिल्या कड्यात अगदी मंचाला लागून उभी होते. कोकिलाबेन आली. मितेश आता सहा-सात वर्षांचा, हातात चिक्की. तिनं हिरवा खण पदरात घातला. त्या वर्षी आरशांच्या मधे पिवळ्या रेशमानं दिवे भरले होते. "आखुं वरस लाग्युं, बेन," ती म्हणाली. वर्ष लागलं होतं तिला. मितेश पाया पडला. आईचं बोट कपाळाकडे गेलं, तिथं थोडं थांबलं. मग तिनं कुंकू घेतलं आणि पोराला लावलं.

आणि मैदान ओरडायला लागलं. "नाम लो, बेन! नाम लो!"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रमणभाईंच्या आलं होतं ते नंतर कळलं, पण आमच्या, आईच्या, माझ्या, नाही. त्या वर्षी श्रावणात पोळ्या लाटताना कुणी काही रचलं नव्हतं. आईनं माइक हातात घेतला. भरल्या पदराची गाठ डाव्या हातात. ती इतका वेळ गप्प राहिली की ढोलवाल्यानं एक थाप मारून बघितली. मग तिनं ते पहिल्या वर्षीचंच घेतलं, जुनं, दिव्याचं. "दिनकररावांचं नाव घेते" म्हणताना आवाज जराही हलला नाही. ती खरोखर कसलेली गाणारी होती. "मान राखते तुमचा" झालं आणि हजारो माना सवयीनं मचाणाकडे वळल्या.

गर्दीतून हात वर आला. पांढरा रुमाल धरलेला.

शिट्ट्या झाल्या, ढोल सुरू झाला, माझ्या मागच्या मुलीनं मला ढकललं. मी आईकडे बघत होते. तिचा चेहरा उजळला होता. खोटं कशाला सांगू, माझाही उजळला असणार, कारण माझ्या तोंडातून "बाबा" असं निघालं. एक क्षण, त्याहून जास्त नाही. मग आईला समजलं. तोंड तसंच हसरं राहिलं आणि डोळे गेले. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ती पुढचा गरबा गायली, त्याच्या पुढचाही गायली. गुडघ्यापाशी ओटीची गाठोडी ठेवलेली, त्यातून तांदूळ सांडत होते.

संपल्यावर रमणभाई हात जोडत आले. "बेन, में गोठवी दीधेलुं. स्वयंसेवकाला सांगून ठेवलं होतं, रुमाल पण दिला. कोईने खबर ना पडी!" त्यांना वाटत होतं त्यांनी आईची लाज राखली. त्यांच्या परीनं राखलीच. आई म्हणाली, "हो, कुणाला कळलं नाही." नवमीला ती गायली ती जमिनीकडे बघून.

त्या वर्षीचे नारळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून राहिले. आईनं विळी काढली नाही. मांजर मधून जायचं तेव्हा एखादा गडगडायचा आणि आम्ही दचकायचो. मालूआत्या एकदा म्हणाली, "फोडते मी. नारळाला काय कळतंय कुणाच्या पदरात पडलो ते?" आई म्हणाली, "ते माझे नाहीत." आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कोकिलाबेनचा खण आणि तिचा नारळ पिशवीत घातला, मला म्हणाली, "चल." तिनं साधी राखाडी साडी नेसली होती. हातात काही नव्हतं, कपाळ उघडं. बाकीच्या बायकांची नावंगावं माहीत नव्हती, कोकिलाबेनचं घर माहीत होतं. मितेशच्या बारशाला आम्ही तिघंही गेलो होतो.

कोयलीत बसमधून उतरलं की आधी वास येतो, मग रिफायनरीची ती उंच ज्योत दिसते, दिवसाही पेटलेली. कोकिलाबेन ओटल्यावर बसून मेथी निवडत होती. "आवो आवो, बेन!" म्हणत ती उठली, दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली. तिची नजर आईच्या कपाळावर होती.

"क्यारे?" तिनं विचारलं.

"श्रावणात," आई म्हणाली.

कोकिलाबेनचे ओठ हलले. श्रावण, भादरवो, आसो, ती मनातल्या मनात मोजत होती. "ने आठमे में तमारी ओटी भरी."

"हो. मी सांगायला हवं होतं. म्हणून आले. हे तुमचं तुम्हाला परत द्यायला आले."

"तो ए हाथ कोनो हतो?"

तो हात कोणाचा होता. आईनं मान हलवली. "माहीत नाही."

आतून मितेश आला, तोंडात काहीतरी. कोकिलाबेननं त्याला ओढून पोटाशी धरलं आणि साडीच्या पदरानं त्याचं कपाळ पुसलं. अष्टमीचं कुंकू कधीच धुऊन गेलं होतं. तरी ती पुसत राहिली, पोरगं "मम्मी, वागे छे" म्हणून कळवळेपर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती वाईट बाई नव्हती, हे मी आजही सांगते. "बेन," ती म्हणाली, "मारे एक ज छे." मला एकुलता एकच आहे.

आईनं पिशवी पुढं केली. कोकिलाबेननं हात पुढं केला नाही. ओटल्याच्या कडेला बोट दाखवून म्हणाली, "त्यां मूकी दो." आईनं वाकून नारळ तिथं ठेवला, खणाची घडी नीट केली आणि शेजारी ठेवली. त्यातले आरसे उन्हात चमकले.

"आवजो," कोकिलाबेन म्हणाली. पुन्हा या, निरोप देताना सगळे म्हणतात तेच. आम्ही गल्लीच्या वळणावर पोचलो तेव्हा मागं बादली ओतल्याचा आवाज आला, आणि मग खराट्याचा. मी वळून बघितलं. आई वळली नाही.

बसमध्ये बसताच मी रागानं बोलायला लागले. इतकी वर्षं पोलकी शिवून घातली, पोराला मांडीवर घेतलं, आणि आमच्या पावलांवर पाणी? मी काय काय बोलले. आईनं बोलू दिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिनं बरोबर केलं. तिच्या जागी मी असते तर मीही पाणी टाकलं असतं." रमणभाईंना मी केव्हाच माफ केलं आहे, तो रुमाल धरणाऱ्या पोरालाही. कोकिलाबेनला तर त्याच वर्षी केलं. मितेश धडधाकट मोठा झाला, परदेशात आहे म्हणे. आईचं ते वाक्य मात्र माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही. लोकांनी केलेलं सोसता येतं, पण तिनं ते मनापासून मान्य केलं होतं, त्याचं काय करायचं?

आई पुन्हा मंचावर गेली नाही. रमणभाई दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. तिनं शिलाईचं काम धरलं. नारळ शेवटी मालूआत्यानं फोडले, बरेचसे आतून नासले होते. आरशांची पोलकी आईनं ट्रंकेच्या तळाशी ठेवली, तिच्यामागं ती माझ्याकडे आली. माझ्या अंगाला होत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या अष्टमीची एक गोष्ट सांगते आणि थांबते. संध्याकाळ झाली होती, जवळच्या सोसायटीत कर्णे लागले होते. घरात घटापुढं दिवा लावायचा होता म्हणून आई वाती वळत होती, मी दारात वेणी घालत उभी. तिला वाटलं मी बाहेर आहे. दिवा लागल्यावर ती हात जोडून बसली आणि हळू आवाजात, गाण्याच्या सुरात नाही, नुसतं बोलल्यासारखं म्हणाली, "तरसालीहून वासण्याला स्कूटर धावते फटफट. दिनकररावांचं नाव घेते." पुढची ओळ ती म्हणाली नाही. मान वर करून दाराकडे बघितलं आणि तेवढाच वेळ थांबली, जेवढा बाबांचा हात गर्दीतून वर यायला लागायचा. दारात मी होते. मी हात वर केला नाही.